सोमवारी अकरा वाजता

शुक्रवारी सुटता सुटता मेल आला, एका ओळीचा:
सोमवारी अकरा वाजता भेटा. एचआर.
ना कारण, ना नमस्कार.
सातपूरच्या गेटवर पंचिंगला
अंगठा दोनदा उमटला नाही.
घाम होता, एवढंच.

पपया नर्सरीचा सिग्नल हिरवा झाला,
मागचे हॉर्न वाजवायला लागले
तेव्हा कळलं, मी हिशेब करतेय.
घराचा हप्ता अठरा हजार चारशे.
पाथर्डी फाट्याला दोन खोल्या आणि एक गॅलरी,
गॅलरीतून पांडवलेणी दिसतात म्हणून
बिल्डरनं पन्नास हजार वर घेतले होते.
(आता तिथे ओले टॉवेल दिसतात.)
ऋजुताची व्हॅन, अण्णांच्या बीपीच्या गोळ्या,
निवृत्तीचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान,
जे दिवाळीआधी चालतं
आणि नंतर नुसतं उघडं असतं.

मी दिवसभर मापं घेते.
पितळी कॉन्टॅक्ट, व्हर्नियरच्या जबड्यात.
पाच शतांश मिलिमीटर इकडेतिकडे चालतं,
त्यापुढे लाल डबा.
लाल डब्याचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो:
टण्,
आणि कुणीतरी वळून बघतं.

शनिवारी कुणाला काही बोलले नाही.
गिलक्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.
अण्णा निमूट जेवले,
पाणी तेवढं जास्त प्यायले.

रात्री तीनला बाथरूमचा दिवा लावून
उलट्या बादलीवर बसले.
आरडी मोडली तर इतके,
भिशी मार्चमध्ये लागली तर इतके,
आणि सराफ बाजाराचा तो उतार
मी मनातल्या मनात तीनदा उतरले,
तीनदा वर आले,
बांगड्या हातातच.

रविवारी ऋजुता वजाबाक्या करत होती.
"आई, दशकाकडून उसना घेतलेला
परत कधी करतात?"
नाही करत गं, गणितात नाही करत.
"मग त्याला उसना कशाला म्हणतात?"
मी उठून कुकर बघून आले.
कुकर लावलेलाच नव्हता.

सोमवारी गाडी काढली तर काटा थेट वर.
दोनशेच्या पुढे कधी पेट्रोल न टाकणारा माणूस
दारात उभा राहून हेल्मेटचा पट्टा तपासत होता.
"फुल केलीस?"
"असू दे," म्हणाला.

अकरा वाजता
नवीनच लागलेला एक पोरगा, कानावर पेन:
"मॅडम, पीएफचा नॉमिनी राहिलाय तुमचा.
नवं पोर्टल आलंय ना. इथे सही."
नाव, निवृत्ती. नातं, पती. वाटा, शंभर टक्के.
"झालं?"
"झालं की."

पायऱ्या उतरले तरी पोटात तेच.
पोटाला अजून कुणी मेल केला नव्हता.
कँटीनमध्ये पाठोपाठ दोन चहा घेतले,
दुसरा नुसता हातात धरायला.

फोन केला. मागे मिक्सर घरघरत होता.
"काय म्हणाले?"
कोण काय म्हणाले?
मिक्सर बंद झाला.
"शुक्रवारी तुझा फोन चार्जिंगला मीच लावला होता."
मग बोलला का नाहीस?
बराच वेळ काही नाही, मग
"तू मापं घेत होतीस."

मला राग आला. खरंच आला.
तीन रात्री मी त्या बादलीवर एकटी,
आणि हा भिंतीपलीकडे डोळे मिटून जागा.
मग तो पेट्रोल पंपावर उभा दिसला,
खिशातल्या नोटा चाचपत,
कुठे जायचंय ते माहीत नसताना
फुल म्हणणारा.

दुपारच्या बॅचला एक पीस सहा शतांश आला.
पुन्हा मोजला. सहाच.
लाल डब्यात टाकला.
टण्.
मी कुणाकडे पाहिलं नाही.

मंगळवारी पहाटे परत जाग आली, काही कारण नसताना.
"किती वाजले?" अंधारातून.
तीन.
"आणि तारीख?"
तीच.
"हप्ता पाचला."
हो.
"आहेत?"
आहेत. या महिन्यात आहेत.

त्याचा पाय गार होता.
मी माझा सरकवला नाही.